ढगामागचं ग्रहण

बेंगळुरू,
१० नोव्हेंबर २०१९

हरणाआत्या,

इथूनच तुमच्या आणि भागवतमामांच्या पाया पडते. दिवाळीच्या करंज्या हॉस्टेलातल्या मुलींनी आल्या दिवशीच फस्त केल्या. शेंगदाण्याच्या पोळ्या मात्र मी कपाटात कुलपाखाली ठेवल्यात, कुणाला सांगू नका.

तापात तुमचे कान गेले तेव्हापासून आपलं बोलणं कागदावर आलं. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुमच्या डोळ्यांना सोसत नाहीत, मग पत्रच बरं. खरं सांगू का, मला ते आवडतं. फोनवर मी तुम्हाला एवढं कधीच सांगितलं नसतं.

तुमच्या परसात तार गुंडाळलेली लाकडी चौकट उभी केली, शेजारी बॅटरी आणि पडद्याचा डबा ठेवला, आणि बसची वेळ झाली म्हणून धड काही न सांगताच पळाले. आता नीट सांगते. आपल्या डोक्यावर सत्तर किलोमीटरवर हवा अगदी विरळ असते. तिथं ऊन इतकं जहाल की ते हवेच्या अणूंतून इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे बारीक कण, उपटून काढतं. असे कण मोकळे सुटलेल्या हवेला प्लाझ्मा म्हणतात. दिवस उगवला की हे कण सुटतात, मावळला की पुन्हा अणूंत विरतात. पृथ्वी झाली तेव्हापासून रोज हे आपल्या डोक्यावर चाललंय, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

गंमत अशी की तिथं कुणाला पोचता येत नाही. फुगा तेवढा वर जात नाही, उपग्रह तेवढ्या खाली टिकत नाही. एखादं रॉकेट घटकाभर जाऊन येतं, तेवढंच. मग मोजायचं लांबूनच. देशाच्या दक्षिण टोकाला नौदलाचं एक केंद्र पाणबुड्यांशी बोलायला रेडिओच्या लहरी सोडतं. त्या लहरी जमीन आणि हा थर यांच्या मधून टप्पे खात तुमच्या परसापर्यंत येतात. थर जरा वरखाली झाला की लहर कमीजास्त होते, आणि डब्यातल्या पडद्यावरची रेघ हलते.

२६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण आहे. त्याची सावली नेमकी या लहरीच्या वाटेवरून जाणार. माझे मार्गदर्शक गौरीशंकर सर हे यंत्र एखाद्या कॉलेजात ठेवणार होते. मीच हट्ट धरला, की शहरात विजेचा गोंगाट फार, माझ्या आत्याचं गाव शांत आहे. सर म्हणाले, ठीक. ग्रहणाची रेघ स्वच्छ आली तर यंत्र तिथंच राहील आणि हाच तुझ्या संशोधनाचा विषय. नाही आली तर जानेवारीत यंत्र उचलायचं आणि तू दुसरं काही शोधायचं. आत्या, मला दुसरं काही नकोय.

तुमची,
करिश्मा


चिंचखोरी, नळदुर्गजवळ,
१९ नोव्हेंबर

करिश्मा पोरी,

तुला आमा दोघांचा लई लई आशीर्वाद. मामा म्हणत्यात, पोळ्या कुलपात ठेवल्या तर बुरा येतो, खाऊन टाक.

तुझ्या चौकटीची गावानं लई चौकशी केली. कुणी म्हणलं हरणाबाईनं बाज उभी केली, कुणी म्हणलं हातमाग. नागूबाई तर सांडगे वाळत घालायला आली व्हती. मामांनी भवती बाभळीचं कुंपण घातलंय, शेरडं तोंड लावायला नकोत.

म्या तुझं पत्र तीनदा वाचलं. मग पहाटं उठून डब्याम्होरं बसले. दिस उगवायच्या टायमाला रेघ खाली खाली गेली, बुडती का काय वाटलं, अन् मग हळूहळू वर चढली. इकडं डोंगरावर ऊन पडलं. माझ्या हातातला चहा गार झाला, पर उठू वाटंना. एवढी वर्सं म्या दिस उगवताना बघितला, पर त्यो वरच्या अंगाला पण उगवत आसतो हे आज कळलं. कान गेल्यापासून मला वाटायचं, आपल्याला आता नवं काय कळायचं न्हाय. त्ये खोटं निघालं बघ.

मामांना समजावून सांगितलं, त्यांना पटंना. त्यांचे ओठ वाचले, म्हणत व्हते, जिथं माणूस गेला न्हाय तिथलं इथं बसून कसं कळंल? मग म्हणलं, माळाच्या पल्याड मेंढरं आसली, दिसत नसली, तर धुरळ्यावरनं तुमी सांगता का न्हाय, कळप बसलाय का पळतोय? तवा पटलं. आता रोज सकाळी त्येच माझ्या आधी डब्याम्होरं जाऊन बसत्यात.

अंगणवाडीत शिकवताना पोरं विचारायची, बाई वर काय हाय? आमी म्हणायचं, आभाळ. झालं, संपलं. एवढं सगळं वर चाललंय हे ठाऊक असतं तर म्या पोरांना रोज अंगणात उताणं झोपवलं आसतं.

तुझी आत्या,
हरणाबाई


बेंगळुरू,
२६ नोव्हेंबर

आत्या,

तुमचं पत्र मी सरांना वाचून दाखवलं, मराठीतून आणि मग इंग्रजीतून. धुरळ्याशी आल्यावर ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. म्हणाले, पहिल्या वर्षाच्या मुलांना मी असंच सांगायला हवं होतं.

तुम्ही पाहिलंत तो सूर्य तुमच्या डोंगरावरचा नव्हताच. हजार किलोमीटर लांबीची वाट आहे ती, तिच्या एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला तुमचं परस. त्या सगळ्या वाटेवर ऊन कसं सरकत आलं ते तुम्हाला त्या रेघेत दिसलं. मला अजून त्याची सवय झालेली नाही, आणि होऊ नये अशी फार इच्छा आहे.

पण आत्या, एक घोर लागलाय. इंटरनेटवरून रेघ माझ्याकडं येते. पहाटेची सुंदर येते, नंतर मात्र तिला केस फुटतात. नुसती खरखर. कधी मधेच साफ होते, कधी दिवसभर तशीच. जवळपास विजेचं काहीतरी चालू असतं. ग्रहण आठ ते अकरा या वेळात आहे, आणि नेमकी तीच वेळ सगळ्यांत खराब. सरांनी ती रेघ पाहिली आणि नुसतं म्हणाले, तुझं गाव शांत आहे म्हणाली होतीस ना.

खरखर कशाची आहे ते शोधता येईल का?

करिश्मा


चिंचखोरी,
५ डिसेंबर

करिश्मा,

शोधलं. आठवडा गेला, पर मजा आली.

मामांनी गावात जाऊन एकेक बटन बंद करायला लावायचं अन् गच्चीवरनं हात वर करायचा. म्या डब्याम्होरं बसून रेघ बघायची. गिरणी बंद केली, रेघंचे निम्मे केस गेले. गिरणीवाला म्हणला, तुमच्या बाईला ऐकू येत न्हाय अन् माझ्या गिरणीचा आवाज तिला तरास देतो, ह्ये काय नवीन? सगळे हासले, म्या पण हासले.

दुसरं निघालं झटका मशीन. रानडुकरं हरभऱ्यात शिरत्यात म्हणून लोकांनी कुंपणाच्या तारंत करंट सोडलाय. सकाळी बंद करायचं इसरत्यात, मग त्ये दिवसभर टिकटिक करीत ऱ्हातं.

पर सगळ्यात मोठी खरखर मोटारींची. हिरीवरल्या अन् बोअरच्या. आपल्याकडं शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येती, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसाची पाळी आली की सगळं शिवार एकदम पाणी सोडतं. म्या लाईनमनला इचारलं. तुझ्या ग्रहणाच्या दिवशी पाळी दिवसाचीच हाय. सकाळी आठला लाईट येणार.

आता तूच सांग काय करायचं त्ये. ज्वारी पोटऱ्यात हाय, हरभरा फुलात हाय. कुणाला पाणी तोडा म्हणायचं म्हंजे हलकी गोष्ट न्हाय.

हरणाबाई


बेंगळुरू,
११ डिसेंबर

आत्या,

रात्रभर विचार केला. मला एक सुचलंय, रागावू नका.

ग्रहणात आपल्याकडं लोक चूल पेटवत नाहीत, विळी-कोयता हातात घेत नाहीत, बाहेर पडत नाहीत. मग तुम्ही एवढंच सांगायचं, की ग्रहणात मोटारीचं बटन दाबणंही वाईट. लोखंड ते, आणि त्यातून वीज. असलं पाणी पिकाला बाधतं म्हणा. तुमचा शब्द गाव मानतं. बिरोबाचे पुजारी बिराप्पाआबा एकदा हो म्हणाले, की तीन तास कुणी स्टार्टरकडं बघणारही नाही. फक्त तीन तास. कुणाचं नुकसान नाही, कुणाला इजा नाही. आणि आभाळात काय होतं ते आपल्याला कळेल.

दक्षिणेतून आपल्याकडं येणाऱ्या या वाटेवर असं ग्रहण पुन्हा यायला कित्येक वर्षं जातील. मी तेव्हा कुठं असेन कुणास ठाऊक.

करिश्मा


चिंचखोरी,
१७ डिसेंबर

करिश्मा,

रागावू नका म्हणून लिवलंस, म्हंजे तुला ठाऊक व्हतं. म्या रागावले.

तीस वर्सं अंगणवाडीत म्या काय केलं, तू बघितलंस. त्याच अंगणवाडीत तू पाटीवर पहिलं अक्षर काढलंस. ग्रहण आलं की पोटुशी पोरगी अंधाऱ्या खोलीत. हालायचं न्हाय, खायचं न्हाय, पाणी प्यायचं न्हाय, मांडी घालून बसायचं न्हाय, कुस बदलायची न्हाय. का, तर पोर वंगाळ जन्मंल. म्या दारोदार जाऊन भांडले. सास्वांच्या शिव्या खाल्ल्या. गजराबाईनं तर एकदा माझ्या अंगावर राख फेकली. आता तिचीच सून अर्पिता सातव्या महिन्यात हाय, अन् महिनाभर म्या तिच्या उंबऱ्यावर बसून सांगितलंय, की सव्वीस तारखंला पोटभर खा, मोकळी फिर, सूर्याकडं नुसत्या डोळ्यांनी तेवढं बघू नको.

अन् आता म्या त्याच तोंडानं सांगू, की ग्रहणाचं पाणी बाधतं? पाणी बाधतं तर अन्न का न्हाय बाधणार? अन्न बाधतं तर पोर का न्हाय? गजराबाईला एवढं पुरं हाय. तिनं पोरीला कोंडलं म्हणूनच समज. तू म्हणतीस कुणाचं नुकसान न्हाय. तुला सत्तर किलोमीटरवरचं दिसतं अन् गजराबाईची मधली खोली दिसंना व्हय गं?

म्या काय सांगायचं त्ये खरं सांगणार. रानपूजेची अवस, आपली येळवस, पंचवीसला हाय. सगळं गाव रानात आसंल, म्या कडब्याच्या कोपीकोपीनं जाऊन सांगीन. ऐकलं तर ऐकलं. न्हाय ऐकलं तर तुझी रेघ गेली, अन् मला त्याचं लई वाईट वाटंल. पर खोटं बोलून म्या आभाळ बघणार न्हाय.

आत्या


चिंचखोरी,
२८ डिसेंबर

करिश्मा,

रेघ तुझ्याकडं पोचली आसंल. पर हितं काय झालं त्ये रेघंत न्हाय, म्हणून सगळं लिवती. चष्मा लावून नीट बस.

येळवशीला गाव मोकळं झालं. दाराला कुलपं लावून सगळी रानात. आमी आपल्या तुकड्यात कडब्याची कोपी केली, आत पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडले, भज्जी, उंडे, खीर अन् आंबिलाचं मडकं ठेवलं. पूजा झाली, पहिला घास झाला, अन् म्या निघाले. येळवशीला दुसऱ्याच्या रानात गेलं की जेवल्याबिगर सोडत न्हाईत, ह्ये तुला ठाऊक हाय. तवा म्या दर कोपीत वाटीभर आंबील प्यायले अन् दर कोपीत तेच सांगितलं. की उद्या सूर्य झाकला जाणार. सूर्य झाकला की वरचे कण विरणार, परत ऊन आलं की परत सुटणार. त्ये आपल्या चिंचखोरीत बसून मोजायचंय. त्यासाठी आठ ते अकरा मोटार, गिरणी, झटका मशीन बंद पायजे. ग्रहणानं पिकाला काय व्हत न्हाय, माणसाला काय व्हत न्हाय. भ्यायचं काय बी कारण न्हाय. तीन तासाचं पाणी मातूर जाईल, त्ये म्या भरून देऊ शकत न्हाय.

मला ऐकू येत न्हाय, याचा एक फायदा झाला. कुणी पाठीमागं कुरकुर केली तर ती मला कळलीच न्हाय. म्या म्हणायची, हात वर करून सांगा, व्हय का न्हाय. जेवायला बोलवलेल्या म्हातारीम्होरं न्हाय म्हणून हात हालवायचा तर कुणाला बी जड जातं. शंभुलिंगानं तेवढा लई वेळ हात खालीच ठेवला. त्याचा हरभरा ऐन फुलात. मग त्यानं अर्धा वर केला.

सकाळी उठून बघते तर आभाळ गच्च. म्हणलं आता कोण कशाला थांबतंय, ग्रहण दिसणारच न्हाय. पर लोकं यायला लागली. अंगण भरलं, मग परस भरलं. मामांनी डबा उचलून पायरीवर ठेवला, सगळ्यांना दिसावा म्हणून. अर्पिता आली, पदरात फुटाणे घेऊन खात खात. तिच्या मागनं गजराबाई आली, तोंड फुगवून, पर आली. येऊन सगळ्यात पुढं बसली.

आठ वाजून गेले अन् रेघंला केस फुटले. दाट, एकसारखे. म्या म्हणलं, कुणाची तरी मोटार चालू झाली. सगळ्यांनी कान दिले. हातानं सांगाय लागले, न्हाय, काय आवाज येत न्हाय. म्या म्हणलं, तुमाला येत न्हाय, मला दिसतोय. तवर शंभुलिंगानं कपाळावर हात मारला. त्याच्या बोअरला आटो बसवलाय, लाईट आली की मोटार आपली आपण चालू. आटो काढायचा त्यो इसरला व्हता. गाडीला किक मारणार, तर मामा आडवे झाले, की गाडीची बी खरखर येती. मग गडी धोतर खोचून पळत सुटला, ढेकळं तुडवत, स्वतःच्या हरभऱ्यातनं आडवा. आमी सगळे त्याच्याकडं बघावं का रेघंकडं, अशी गत झाली. अन् एकदम रेघ साफ झाली. लांबनं त्यानं दोन्ही हात वर केले. अख्खा हात वर केला त्यानं तवा, अर्धा न्हाय.

मग, पोरी, त्ये झालं.

आभाळात काय बी नव्हतं, नुस्ता करडा ढग. अन् पडद्यावरची रेघ वाकाय लागली. तू लिवलं व्हतंस तशी, हळूहळू, पहाटंवानी, पर भर सकाळी. उजेड मळकट झाला. कोंबड्या खुराड्याकडं निघाल्या. अंगणात एवढी माणसं, पर एकाचं बी तोंड हालंना, अन् तोंडं वाचण्यात माझा हात कोण धरणार न्हाय. ढगाच्या वर, जिथं कोण जाऊ शकत न्हाय, तिथं त्ये कण विरत व्हते, अन् आमी चिंचखोरीत पायरीवर बसून बघत व्हतो. म्या हात जोडले. कुणाला जोडले मला ठाऊक न्हाय.

रेघ तळाला गेली, जराशी थांबली, अन् वळली. परत चढाय लागली. गजराबाईनं माझा हात धरला अन् पडद्याकडं बोट करून इचारलं, आलं का परत? म्या मान हालवली. ती रडत व्हती. ती का रडती त्ये मला कळंना, अन् मग कळलं की म्या पण रडतीया.

रेघ बरी आली का, त्ये लौकर कळीव.

आत्या


बेंगळुरू,
५ जानेवारी २०२०

आत्या,

रेघ नुसती बरी नाही आली. सरांनी ती भिंतीवर मोठी करून लावली आणि सगळ्या विभागाला बोलावून आणलं. आमच्या इथल्या यंत्राच्या रेघेत शहराचा गोंगाट आहे, आणि तुमच्याकडची अशी, की सावली वाटेच्या कुठल्या भागावर आली, थर किती वर उचलला गेला, कण विरायला आणि परत सुटायला किती वेळ लागला, सगळं वाचता येतं. ऊन परतलं तरी कण लगेच नाही परतले, जरा मागं रेंगाळले. ते रेंगाळणंच आम्हाला हवं होतं. वरच्या त्या थराला कधीच कुणाचा हात लागणार नाही, पण त्याचा श्वास आत गेलेला आणि सुटलेला आम्हाला दिसला. सुरुवातीला एक झुडूप आहे खरखरीचं, तो शंभुलिंगकाकांचा आटो. सर ते पुसून टाकू म्हणाले, मी पुसू दिलं नाही.

यंत्र तुमच्याकडंच राहणार. सरांनी लिहून दिलंय. विषय माझाच.

आता जे लिहायचं ते लिहवत नाही, आणि लिहिल्याशिवाय झोपही येत नाही. तुमचं सतरा तारखेचं पत्र मिळालं आणि मी घाबरले. मला वाटलं, खरं सांगून कोण पाणी तोडतंय. मी बिराप्पाआबांना फोन केला. तुम्हाला न विचारता, तुम्ही नको म्हटल्यावर. म्हटलं, आबा, येळवशीला सगळे भेटतील तेव्हा तुम्ही सांगा, ग्रहणात मोटार चालवणं बाधतं. ते नुसतं बरं म्हणाले.

तुमचं अठ्ठावीसचं पत्र वाचताना मला रडू आलं, ते आनंदानं नाही. सगळं गाव शांत राहिलं, ते तुमच्या खऱ्यामुळं की माझ्या खोट्यामुळं? भिंतीवर ती रेघ बघताना दर वेळी हेच मनात येतं. मी ती भीतीवर काढून घेतली असेल तर मला ती नको. सरांना अजून सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे. तुम्ही आधी काय ते सांगा.

करिश्मा


चिंचखोरी,
१४ जानेवारी

करिश्मा,

तुला संक्रांतीचा तीळगूळ. घोळून घोळून खा.

तू सांगतीस का न्हाय, याची म्या वाट बघत व्हते. म्हणून अठ्ठावीसच्या पत्रात एक गोष्ट लिवली न्हाय. ती आता लिवती.

येळवशीला दुपारी सगळी जेवून चिंचंखाली पडली व्हती, तवा बिराप्पाआबा उठून हुबे ऱ्हायले. म्या समोरच बसले व्हते, त्यांचं तोंड मला स्पष्ट दिसत व्हतं. म्हणले, गड्यांनो, देवाम्होरं घंटा वाजिवणारा माणूस म्या, निरोप आला की पोचवतो, त्यात माझं कायपण घालत न्हाय. आपल्या करिश्माचा बेंगळुरूवरनं फोन आला. ती म्हणती, ग्रहणात मोटार चालवली तर बाधतं, आसं सगळ्यांना सांगा. हरणाबाई म्हणती, काय बाधत न्हाय, पर पोरीच्या कामासाठी बंद ठेवा. पोरगी शिकलेली हाय, ती भ्या म्हणती. हरणाबाई चौथी शिकून अंगणवाडीची बाई झाली, ती भिऊ नका म्हणती. दोघींचं बी सांगून झालं. आता ज्याचं त्यानं बघावं.

एवढं बोलून आबा खाली बसले अन् आंबील प्यायले.

तवा मला जमीन पोटात घेईल तर बरं, आसं झालं. लोकं हासली गं. पोट धरून हासली, शंभुलिंग तर लोळत हासला. आबा बोलायच्या आधी त्याचा हात खाली व्हता. आबा बोलल्यावर अर्धा वर आला.

भिऊन कोण बसलं आसतं तर दारं लावून घरात बसलं आसतं. माझ्या अंगणात, उघड्या आभाळाखाली, ग्रहणात कुणी आलं नसतं, अन् गजराबाई तर सुनंला घेऊन मुळीच आली नसती. तू त्यांना फसवाय निघाली व्हतीस, हे सगळ्यांना ठाऊक व्हतं. ठाऊक असून त्यांनी बटनं बंद केली. तुझी रेघ तशी आलीया.

आता रडू नको. माफीबिफीचं पत्र कुणाला धाडू नको, कुणाला नकोय त्ये. सुट्टी काढून ये. भिंतीवरची ती मोठी रेघ गुंडाळून संगं आण, चिंचंखाली आबांच्या शेजारी हुबी ऱ्हा, अन् त्यांनी बंद ठेवलेल्या त्या तीन तासांत वर काय झालं, त्ये सगळ्यांना खरं खरं सांग.

तुझी आत्या,
हरणाबाई